साहेबांना भेटायला जाशील तेव्हा

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात मंत्रालयात पाणीपुरवठा मंत्र्यांच्या भेटीची वेळ मिळाल्याचं तू कळवलंस. नळयोजनेची विहीर किती पाणी देते याची चाचणी उन्हाळ्यात घ्यावी, ही तुझी मागणी. ज्या माणसाची भाषणं तू कॉलेजात असल्यापासून ऐकत आलीस, त्याच्यासमोर आता भूजलतज्ज्ञ म्हणून उभी राहणार आहेस. मला याचा फार आनंद आहे आणि थोडी काळजीही आहे. फोनवर हे सगळं धड सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. मंत्री आस्थापनेत, म्हणजे मंत्र्यांच्या कार्यालयात, काम केलेल्या माणसाला दालनाच्या आतलं जे दिसतं ते बाहेर रांगेत बसलेल्याला दिसत नाही. तेवढंच या पत्रात आहे.

आधी वेळेचं. तुला पंधरा मिनिटं सांगितली असतील तर तीन धर. यात कुणी तुला फसवत नाही. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनंतर मंत्रिमंडळ विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा मोठं करता येत नाही. आपली विधानसभा २८८ ची, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३ जण. उरलेले सगळे आमदार आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य यांची कामं या ४३ दारांवर येतात, आणि आमदार आला की तो आधी आत जातो. तिथली पद्धतच तशी आहे, त्याचा राग मानू नकोस. मतदारसंघातून आलेली माणसं रात्रभर प्रवास करून आलेली असतात, तीही तुझ्या आधी जातील. तू मात्र तीस सेकंदांत सांगता येईल असं, तीन मिनिटांत सांगता येईल असं आणि दहा मिनिटं मिळालीच तर सांगायचं असं तिन्ही तयार ठेव. तीस सेकंदांचं पाठ कर. बऱ्याच भेटी दालनातून लिफ्टपर्यंत चालता चालता होतात, आणि ज्यांनी तीस सेकंदांचं तयार केलेलं नसतं ते 'नमस्कार साहेब, मी अमुक गावची' इथपर्यंत येतात तोवर लिफ्टचं दार लागलेलं असतं.

कोणता वार दिला आहे तेही पाहा. मंत्रिमंडळाची बैठक साधारण मंगळवारी किंवा बुधवारी असते. त्या दिवशी मंत्री मुंबईत नक्की सापडतात, पण बैठक लांबली की पुढचं सगळं कोलमडतं. शुक्रवारनंतर ते मतदारसंघात असतात. अधिवेशन चालू असेल तर भेट विधान भवनात होते आणि तिथला प्रवेश पास वेगळा लागतो, मंत्रालयाचा चालत नाही. डिसेंबरमध्ये गेलीस तर सगळं सरकारच नागपूरला असतं. तिथे कॅबिनेट मंत्री रवी भवनात आणि राज्यमंत्री नाग भवनात उतरतात. सकाळी नऊच्या आत तिथे भेट होऊ शकते, कामकाज सुरू झाल्यावर अवघड. आचारसंहिता लागली असेल तर जाऊच नकोस. त्या काळात मंत्री नवं काही जाहीर करू शकत नाहीत आणि तुझं निवेदन निकाल लागेपर्यंत टपालात पडून राहील.

आता माणसं ओळखून घे. मंत्र्यांच्या कार्यालयात एक खासगी सचिव असतात, एक-दोन विशेष कार्य अधिकारी, म्हणजे ज्यांना सगळे ओएसडी म्हणतात, दोन-तीन स्वीय सहायक म्हणजे पीए, आणि बहुतेक ठिकाणी एक जनसंपर्क अधिकारी. भेटीची वेळ पीएंच्या हातात असते. फाइल खासगी सचिवांच्या नजरेखालून जाते. पण तुझा विषय समजून घेणारा माणूस बहुधा ओएसडी असतो, कारण विभागातले विषय त्यांनी आपसांत वाटून घेतलेले असतात. पाणीपुरवठ्याचा विषय कोण पाहतं हे पीएंना विचारून घे आणि भेटीच्या दोन दिवस आधी निवेदन त्यांच्याकडे पाठव. मंत्र्यांनी आत 'हे काय आहे?' असं विचारलं आणि बाजूला उभ्या ओएसडींनी 'साहेब, मी वाचलंय, मुद्दा बरोबर आहे' असं म्हटलं, तर तुझं अर्धं काम तिथेच झालं. उलट ओएसडींना ते तिथे पहिल्यांदाच दिसलं, तर ते सावधपणे 'तपासून घेतो' म्हणणार. त्यांच्या जागी कुणीही तेच म्हणेल.

आदल्या संध्याकाळी पीएंना एकच मेसेज कर: नाव, काम एका ओळीत, उद्याची वेळ, 'कायम आहे ना?' सतत फोन करू नकोस. दौरा ठरला म्हणून वेळ रद्द झाली, तर 'पुढची कधी मिळेल?' एवढंच विचार. नाराजी दाखवलेली तिथे लक्षात राहते, आणि तशीच सौजन्याने घेतलेली माघारही लक्षात राहते.

प्रवेशासाठी मूळ आधार कार्ड जवळ असू दे. मंत्रालयात आता 'डिजीप्रवेश' अ‍ॅपवर नोंदणी करून पास घ्यावा लागतो. ती नोंदणी घरूनच करून ठेव, गेटवर रेंज आणि गर्दी दोन्ही त्रास देतात. पास ज्या विभागाचा, त्याच मजल्यावर जायचं. सर्वसामान्यांना आत सोडण्याची वेळ साधारण दुपारनंतरची असते, म्हणून सकाळची भेट दिली असेल तर तुझं नाव गेटवर कळवलंय का आणि कोणत्या गेटवर, हे पीएंना विचार. चर्चगेटवरून चालत पंधरा मिनिटं लागतात. पाऊण तास आधी पोच. बॅग लहान असू दे, लॅपटॉप नको. लॅपटॉप उघडून तो चालू होईपर्यंत तुझी तीन मिनिटं संपलेली असतात, आणि मंत्री स्लाइड पाहत नाहीत, कागद पाहतात.

कागदावर मात्र तुझा सगळा जीव लाव. भेट विसरली जाते, पुढे जातो तो कागद.

निवेदन एका पानाचं, एकाच बाजूला, मराठीत. राजभाषा अधिनियम १९६४ पासून राज्याचं कामकाज मराठीत चालतं. इंग्रजी निवेदन आलं तर कार्यासनातल्या, म्हणजे विभागात तो विषय हाताळणाऱ्या टेबलावरच्या, माणसाला त्याचा गोषवारा मराठीत करावा लागतो, आणि त्यात तुझा मुद्दा त्याच्या शब्दांत बदलून जातो. अक्षर चौदाच्या आकाराचं ठेव. डावीकडे दीड इंच समास सोड आणि वरच्या बाजूला चार बोटं जागा कोरी ठेव. ही जागा शोभेसाठी नाही. मंत्री शेरा तिथेच लिहितात. जागा नसली की शेरा मजकुरावर येतो, झेरॉक्समध्ये दोन्ही वाचता येत नाहीत, आणि पुढे कार्यासनात कुणीतरी कागद उजेडाकडे धरून बसतं.

वर 'प्रति, मा. मंत्री, पाणीपुरवठा व स्वच्छता, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२' असं लिही. पदनाम महत्त्वाचं, कारण उद्या खातेवाटप बदललं तरी कागद विभागातच राहतो. मग विषय, एका ओळीत, तिथल्या भाषेत: 'नळपाणी योजनांच्या उद्भव विहिरींची क्षमता चाचणी एप्रिल-मे महिन्यांत घेण्याबाबत.' (उद्भव विहीर म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीर.) विषय वाचूनच कागद कोणत्या कार्यासनाचा ते ठरतं. 'ग्रामीण भागातील पाणी प्रश्नाबाबत' असं मोघम लिहिलंस तर तो चार टेबलांवर फिरून येईल. विषयाखाली संदर्भ. इथे बहुतेक शिकलेली मुलं चुकतात. संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख घालायची असते, आणि ते शासनाच्या संकेतस्थळावर विभाग निवडून शोधता येतात, प्रत्येकाला संकेतांक असतो.

हे शोधणं तू अजून केलं नसशील तर आजच कर, कारण त्यावर तुझी मागणीच बदलू शकते. उन्हाळ्यात चाचणी घ्या, असं सांगणारी सूचना आधीपासून अस्तित्वात असेल, तर नवा नियम मागायला गेलेल्या तज्ज्ञाची तिथल्या तिथे पंचाईत होते. सचिव फक्त एवढंच म्हणतात, 'साहेब, असं परिपत्रक आहेच.' विषय संपला. तशी सूचना सापडली तर तू वेगळं माग: असलेली सूचना पाळली जाते का याची तपासणी व्हावी, आणि चाचणीची तारीख प्रमाणपत्रावर लिहिणं सक्तीचं व्हावं. ही मागणी जास्त नेमकी आहे आणि तिला 'आहेच' हे उत्तर देता येत नाही.

मजकूर तीन परिच्छेदांचा पुरे. पहिल्यात प्रश्न, आकड्यासह. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरले आहेत. १,८०० वस्तीच्या गावाला रोज ९९ हजार लिटर लागतात. नोव्हेंबरात उपसा करून पाहिला तर विहीर तेवढं देते. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, बसलेला आहे, त्यात पाणी धरून ठेवतो तो वरचा झिजलेला, भेगाळलेला थर, आणि उन्हाळा येईतो तो रिता होत जातो. टाकी उभी, पाइप टाकलेले, मोटर बसवलेली, आणि मे महिन्यात त्याच गावात टँकर. हे तुला माझ्याहून कितीतरी चांगलं माहीत आहे. मी लिहिलं ते एवढ्यासाठी की यात 'ट्रान्समिसिव्हिटी' आणि 'स्पेसिफिक यील्ड' असे तुमचे शास्त्रीय शब्द कुठेही आले नाहीत, हे तुला दिसावं. आकडे अर्थात तुझ्या पाहणीतले घाल, आणि किती गावं पाहिलीस, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात, तेही लिही. सात गावं पाहिली असतील तर सातच लिही. 'संपूर्ण मराठवाड्यात' असं लिहिलंस की तुझं बाकीचं खरं बोलणंही संशयात येतं.

दुसऱ्या परिच्छेदात मागणी, एकच. ती विभागाला स्वतःच्या अधिकारात करता येईल अशी निवड. परिपत्रक काढून होणारं काम विभागातच होतं. पैसे लागणार असतील तर फाइल वित्त विभागाच्या सहमतीला जाते. नियम बदलायचा असेल तर विधी व न्याय विभाग मध्ये येतो. धोरण बदलायचं असेल तर मंत्रिमंडळासाठी टिप्पणी तयार करावी लागते. प्रत्येक पायरीला महिने जातात. तुझी मागणी चाचणीचा महिना बदलण्याची आहे, तिला नवं अंदाजपत्रक लागत नाही, हे वाक्य निवेदनात स्पष्ट लिही: 'यासाठी अतिरिक्त निधीची आवश्यकता नाही.' हे वाचलं की अधिकाऱ्याच्या मनातला पहिला अडसर जातो.

तिसऱ्यात सुरुवात कुठून करता येईल ते. एक तालुका सुचव, एक उन्हाळा. रोजगार हमी आठव. ती मांडणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, तरी ती कल्पना आधी तासगाव तालुक्यात विसापूर भागात करून पाहिली गेली, मग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, आणि कायदा झाला तो १९७७ साली. एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसानेही आधी एका कोपऱ्यात करून पाहिलं. लहान जागी सिद्ध झालेली गोष्ट पुढे नेणं मंत्र्याला सोपं जातं, कारण सभागृहात प्रश्न आला तर त्याच्या हातात दाखवायला काहीतरी असतं.

शेवटी सही, पूर्ण नाव, शिक्षण, मोबाइल, ईमेल. 'सोबत' म्हणून गावनिहाय तक्ता एका पानात. पूर्ण अहवाल मंत्र्यांना देऊ नकोस, तो ओएसडींना दे. निवेदनाच्या तीन प्रती ने: एक त्यांना, एक ओएसडींना, एक पोच घेण्यासाठी.

आणि हे निवेदन कुणाच्या वतीने देते आहेस ते आधी पक्कं कर. तुझ्या कंपनीची जिल्हा परिषदेत कामं चालू आहेत. कंपनीच्या लेटरहेडवर द्यायचं असेल तर वरिष्ठांची लेखी परवानगी घे. व्यक्तिगत द्यायचं असेल तर साध्या कागदावर, स्वतःच्या नावाने, आणि तरीही ऑफिसात सांगून जा. कंपनीची एखादी निविदा त्याच विभागात प्रलंबित असेल तर ही भेट पुढे ढकल. तुझ्या मनात काही नसलं तरी बाहेर त्याचा अर्थ दुसराच लावला जाईल, आणि ज्यांना तू इतकं मानतेस त्यांनाही तू उगाच अडचणीत आणशील.

आता दालनातलं. आत गेल्यावर तिथे दहा-पंधरा माणसं बसलेली असतील. एकांत मिळेल अशी कल्पना करून गेलीस तर सुरुवातीलाच गोंधळशील. त्या गर्दीत कार्यकर्ते असतात, दुसऱ्या कामासाठी आलेले लोक असतात, कधी पत्रकारही असतात. म्हणून कुठल्याही सरपंचाचं, ग्रामसेवकाचं, अभियंत्याचं नाव घेऊन तक्रार करू नकोस. संध्याकाळपर्यंत ती त्या माणसापर्यंत पोचते, आणि तुला पुन्हा त्याच तालुक्यात काम करायचं आहे. अगदीच सांगायचं असेल तर ते ओएसडींना नंतर सांग.

बस म्हटल्याशिवाय बसू नकोस. नमस्कार कर, पाया पडू नकोस. वयाने मोठे आहेत, आदर आहे, सगळं खरं. पण तू तिथे एका विषयातली जाणकार म्हणून गेली आहेस, आणि वाकून उठल्यानंतरच्या पहिल्या वाक्याला तेवढं वजन राहत नाही. हाक 'साहेब' अशीच मार. त्यांचे कार्यकर्ते त्यांना घरच्या नावाने हाक मारतात, ती त्यांची जवळीक आहे, तुझी नाही. हार, बुके, पेढे काही नको. कपडे रोजचे नीटनेटके, सुती.

कागद त्यांच्याकडे सुलटा होईल असा टेबलावर ठेव आणि विषयाच्या ओळीवर बोट ठेवून बोलायला लाग. साधारण असं: 'साहेब, मी भूजलतज्ज्ञ आहे, अमुक तालुक्यात काम करते. विहिरीचं पाणी आपण दिवाळीत मोजतो आणि गावाला ते मे महिन्यात लागतं. चाचणी मे महिन्यात घेतली तर कोरडी पडणारी विहीर टाकी बांधायच्या आधीच कळेल. एका तालुक्यात करून पाहावं, एवढी विनंती आहे.' मी घड्याळ लावून वाचलं, तीस सेकंद पुरतात.

'मी तुमची खूप मोठी चाहती आहे' हे वाक्य दिवसभरात त्यांनी कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. तुला जे खरोखर आवडलं ते एका वाक्यात, नाव घेऊन सांग: त्यांचा कुठला निर्णय, सभागृहातलं कुठलं भाषण, त्यामुळे तू काय वाचलंस किंवा काय शिकलीस. तेही निघताना, आधी नाही. आधी सांगितलंस तर तुझी मागणी कौतुकाच्या मागून आलेली दिसते.

फोन वाजेल. तू अर्ध्या वाक्यात असशील. थांब, आणि फोन संपल्यावर पहिल्यापासून सुरू करू नकोस, थेट मागणीचं वाक्य बोल. ते दुसऱ्याच कागदावर सही करत ऐकत असतील, त्याने खट्टू होऊ नकोस. वर्षानुवर्षं असं करणारी माणसं सही करतानाही नेमकी ऐकत असतात, आणि ते अचानक मान वर करून विचारतील: 'कोणतं गाव?' राजकारणी माणूस प्रश्न गावाने आणि तालुक्याने समजून घेतो. गावाचं नाव, तिथली वस्ती, टँकर कधी सुरू झाला, हे जिभेवर ठेव. मग विचारतील, 'खर्च किती?' आणि मग, 'याला विरोध कोण करेल?' या तिसऱ्या प्रश्नाला तरुण तज्ज्ञ हमखास अडखळतात. उत्तर खरं दे. मे महिन्यात चाचणी घ्यायची तर काही योजनांना तांत्रिक मंजुरी सहा महिने उशिरा मिळेल, आणि ज्या गावांची विहीर नापास होईल ती गावं नाराज होतील. हे तू स्वतःहून सांगितलंस तर त्यांचा तुझ्यावर विश्वास बसेल, कारण त्यांच्यासमोर येणारा जवळजवळ प्रत्येकजण फक्त फायदे सांगत असतो. न येणाऱ्या प्रश्नाला 'दोन दिवसांत लेखी पाठवते' म्हण आणि खरंच पाठव.

बोलता बोलता ते बाजूच्या कुणाला तरी 'बघा जरा हे' म्हणतील. त्या क्षणी तुझी नजर मंत्र्यांवरून त्या माणसाकडे गेली पाहिजे. तुझं काम आता त्यांच्याकडे आहे. बाहेर पडल्यावर त्यांचं नाव, पद, मजला विचारून घे. 'करून टाकू' या तोंडी शब्दावर विसंबून घरी येणाऱ्यांचं काम होत नाही, आणि त्यात मंत्र्यांचा खोटेपणा नसतो. त्या दिवसात त्यांनी असे चाळीस शब्द दिलेले असतात आणि कागदावर जे उतरलं तेवढंच विभागापर्यंत पोचतं.

म्हणून शेऱ्याविषयी नीट वाच. ते निवेदनाच्या कोऱ्या जागेत दोन-चार शब्द लिहून खाली सही आणि तारीख करतील. 'नियमानुसार उचित कार्यवाही करावी' असं लिहिलं असेल तर कागद विभागाकडे गेला, पण मंत्र्यांनी स्वतःचं मत त्यात घातलेलं नाही. 'तपासून सादर करावे' हे त्याहून बरं: विभागाला तपासावं लागेल आणि उत्तर मंत्र्यांकडे परत आणावं लागेल. 'प्रस्ताव सादर करावा' म्हणजे त्यांना हे व्हावं असं वाटतं. 'बैठक आयोजित करावी' हा शेरा तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचा, कारण त्या बैठकीला सचिव, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे अधिकारी, जीवन प्राधिकरणाचे अभियंते एका टेबलाशी येतात, इतिवृत्त लिहिलं जातं, आणि इतिवृत्तातल्या मुद्द्यांवर कार्यवाही दाखवावी लागते. शक्य झालं तर तेच माग: 'साहेब, एक बैठक लावता आली तर मी सगळी माहिती घेऊन येईन.' शेरा कुणाच्या नावे आहे तेही पाहा. नुसती सही आणि शेरा काहीच नाही, असं झालं तर ओएसडींना तिथेच विनयाने विचार. बाहेर आल्यावर विचारण्याला अर्थ नसतो.

शेरा मिळाला की कागद पीएंकडे देऊन निघून येऊ नकोस. मंत्री कार्यालयात त्याची आवक नोंद होते, नंबर पडतो. तो नंबर आपल्या प्रतीवर शिक्क्यासह घे आणि शेरा असलेल्या पानाचा फोटो काढून घे. तिथून कागद विभागाच्या नोंदणी शाखेत, तिथून कार्यासनात, मग सहायक कक्ष अधिकारी टिप्पणी लिहितो, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव आणि सचिव अशी ती वर चढते. आता बरीच कामं ई-ऑफिसमध्ये होतात, त्यामुळे फाइलचा क्रमांक विचारलास तर ती कुठे आहे ते सांगता येतं. आठ-दहा दिवसांनी फोन कर, तो कार्यासनाला, मंत्र्यांच्या पीएंना नाही.

टिप्पणी लिहिणारा सहायक कक्ष अधिकारी हा या साखळीतला सगळ्यात खालचा माणूस, पण तुझा मुद्दा शब्दांत मांडणारा तोच. त्याला तांत्रिक बाब समजली नाही तर तो भूजल यंत्रणेचे अभिप्राय मागवतो आणि दोन महिने जातात. एकदा प्रत्यक्ष भेटून त्याला वीस मिनिटं समजावून सांग. मंत्र्यांपुढे जेवढ्या आदराने बोललीस तेवढ्याच आदराने त्याच्याशी बोल.

कायदा तुझ्या बाजूने आहे हेही माहीत असू दे. २००५ च्या कायद्याने, ज्याला लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, कुठलीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं ठरवलं आहे. दुसऱ्या विभागाला विचारायचं नसेल तर ४५ दिवसांत आणि विचारायचं असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा अशी मुदत आहे. हे पहिल्याच फोनला ऐकवू नकोस. मुदत उलटून गेली आणि उत्तरच आलं नाही, तर दहा रुपयांचं शुल्क भरून माहिती अधिकारात टिप्पणीची प्रत माग, तीस दिवसांत मिळायला हवी. ती प्रत वाचलीस की नेमकं कुठे आणि का अडलं ते कळतं. कधी कारण अगदी योग्य असतं, आणि मग निवेदन सुधारून पुन्हा द्यायचं.

फोटोचं राहिलं. काढावासा वाटणारच. निघताना पीएंना विचार, हो म्हटलं तर काढ, स्वतः मोबाइल पुढे करून सेल्फी घेऊ नकोस. पण तो सोशल मीडियावर टाकण्याआधी विचार कर. उद्या तुला वेगळ्या पक्षाच्या सरपंचाच्या विहिरीवर चाचणी घ्यायची आहे आणि ती नापास ठरवायची आहे. तो फोटो पाहिलेला माणूस तुझ्या आकड्यांवर विश्वास ठेवेल का? तुझ्या व्यवसायात आकड्याची विश्वासार्हता हेच भांडवल आहे. माझं मत विचारशील तर फोटो घरच्या भिंतीवर लाव.

एक गोष्ट मनाने तयार राहून जा. दूरून आवडलेला माणूस जवळून थकलेला, तुटक, कदाचित चिडलेलाही दिसू शकतो. त्याच्यामागे सकाळी सातपासूनचा दिवस असतो. किंवा उलट, इतका आपुलकीने बोलेल की तू हरखून मागणीच विसरशील. दोन्हींपैकी काहीही झालं तरी तीन मिनिटांवरून त्याच्याविषयीचं मत बदलू नकोस. तू त्याला मानतेस ते त्याच्या कामावरून, आणि काम तपासायची जागा शासन निर्णय आणि गावातली विहीर आहे. पुढे कधी त्याचा एखादा निर्णय तुला चुकीचा वाटला तर तसं स्पष्ट म्हणण्याची मोकळीक स्वतःकडे ठेव. त्यासाठी या भेटीत स्वतःसाठी काहीही मागू नकोस: बदली, नेमणूक, समितीवरची जागा, ओळखीच्या कुणाचं काम, काहीच नको. नातलगांपैकी कुणी 'जातेच आहेस तर माझाही अर्ज दे' म्हणेल. मी इकडे सगळ्यांना नाही सांगितलं आहे, तूही सांग.

निवेदनाचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव, मी विषय आणि संदर्भाच्या ओळी तपासून देते. तांत्रिक भाग तुझ्या एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून वाचून घे, विशेषतः तक्त्यातली एककं. लिटर आणि घनमीटर एकाच रकान्यात मिसळले जातात आणि मग सगळा तक्ताच खोटा पडतो. आणि भेट झाली की आवक क्रमांक लगेच कळव.

तुझी,
आई